सतवंतजींचा डावा हात

सतवंतजींनी माऊस उचलला, त्याची वायर नीट गुंडाळली आणि तो माझ्यापुढे काउंटरवर ठेवला.

"मॅडमजी, हे आता तुम्हीच चालवा. माझ्याच्यानं होत नाही."

काउंटरच्या पलीकडे पंधरा-वीस शेतकरी उभे. कुणाच्या खांद्यावर तुटलेला पट्टा, कुणाच्या हातात तेलकट चेन. एप्रिलचा दुसरा आठवडा होता. गहू कापणीला आलाय, आणि गहू कापून मळून देणारं कंबाइन नेमकं शेतात बंद पडलंय, अशा माणसाचा चेहरा तुम्ही बघितला नसेल तर सुखी आहात. अशा पंधरा-वीस चेहऱ्यांसमोर मी तो माऊस हातात घेऊन उभी होते, कारण सॉफ्टवेअर माझ्या कंपनीचं होतं.

मी मूळची सांगलीची. नवरा एअर फोर्समध्ये. बदलीवर चंदीगडला आलो, पुढं त्याची नोकरी संपली तरी झिरकपूरला फ्लॅट घेऊन इथंच राहिलो. मोहालीतल्या एका छोट्या सॉफ्टवेअर कंपनीत मी पंचवीसेक वर्षं काम करतेय. चंदीगडच्या इंडस्ट्रियल एरिया, फेज टूमधलं हे स्पेअर पार्टचं दुकान माझ्या अगदी पहिल्या गिऱ्हाइकांपैकी. ट्रॅक्टर आणि कंबाइनचे सुटे भाग. पुढं काउंटर, मागं गोडाऊन. काउंटरवर तेव्हापासून आजपर्यंत एकच माणूस, सतवंतसिंगजी. वय अठ्ठावन्न. निवृत्तीला दोन वर्षं.

त्यांच्यासाठी मी तेव्हा एक प्रोग्रॅम लिहिला होता. काळा-करडा पडदा, मधे एक चौकट, खाली चार ओळींत कोणतं बटण दाबलं की काय होतं ते लिहिलेलं. बस्स. पार्टचा नंबर मारायचा, एंटर दाबायचं, माल किती आहे आणि कुठल्या रॅकमध्ये आहे ते दिसायचं, पुन्हा एंटर दाबलं की गोडाऊनची चिठ्ठी छापून बाहेर. दिसायला अगदीच साधा. पण चालला हो, इतकी वर्षं चालला.

मग तो जुना कॉम्प्युटर मेला. त्याचे भाग मिळेनात. (स्पेअर पार्टच्या दुकानाला स्पेअर पार्ट मिळेना, यावर मीच तेव्हा खूप हसले होते.) नव्या मशीनवर जुना प्रोग्रॅम धड चालेना. दुकान आता मालकांची मुलगी जसलीन बघते. ती म्हणाली, आंटीजी, सगळं नवीनच करून टाकू. बरोबरच होतं तिचं. जुनं ते सोनं म्हणत बसणाऱ्यांतली मी नाही. एका फ्लॉपीनं धोका दिला की आठवड्याचं काम पाण्यात जायचं, ते दिवस मला परत नकोत.

तर नवीन केलं. आणि सुरू कधी करायचं? एक एप्रिलला. नवं वर्ष, नवं सॉफ्टवेअर! आमच्या धंद्यात सगळे एक एप्रिलच धरतात. गव्हाला कुणी विचारलं नव्हतं.

"काय होत नाही नेमकं?" मी सतवंतजींना विचारलं. आमचं बोलणं हिंदी-पंजाबीत चालतं, इथं मराठीत सांगते.

"कळत नाही जी. वेळ लागतो."

मी त्यांच्या बाजूला उभी राहिले आणि एक गिऱ्हाईक बघितलं. नंबर शोधायची जागा एका भिंगाच्या चित्रामागं लपलेली. भिंगावर क्लिक करा, मग डबा उघडतो. त्याआधी कंपनी निवडा, मग मॉडेल निवडा, मग भाग कुठला ते निवडा, प्रत्येक वेळी यादी खाली घरंगळते, तीत हवं ते नाव हुडका. पूर्वी एका माणसाला मिनिटभर लागायचं, तिथं आता सहा-सात मिनिटं. मागून एकजण ओरडला, "ओ सरदारजी, कंबाइन अगले साल चलाणी ऐ?" सगळे हसले. सतवंतजी हसले नाहीत. त्यांचे कान लाल झाले होते.

आणि मी काय केलं? ज्याची आजही लाज वाटते ते केलं. म्हटलं, "सतवंतजी, ट्रेनिंग तर दिलं होतं. थोडी प्रॅक्टिस करा. तुम्ही मनावरच घेत नाही."

ते म्हणाले, "होय जी, माझीच चूक असेल."

जसलीननं मला केबिनमध्ये बोलावलं. एरवी आंटीजी म्हणते, त्या दिवशी मॅडमवर आली.

"मॅडम, सरळ बोलते. ऐन सीझनमध्ये माझं गिऱ्हाईक शेजारच्या दुकानात चाललंय. सॉफ्टवेअर खराब आहे की माणूस?"

"सॉफ्टवेअर खराब नाही," मी म्हटलं. छाती पुढं काढून म्हटलं.

"मग ठरलं. शनिवारपासून काउंटरवर नवीन मुलगी बसेल, कॉम्प्युटर शिकलेली. सतवंतजींना मागं पॅकिंगला बसवते. पगार तोच राहील."

"अगं, सव्वीस वर्षं ते काउंटरवर आहेत."

"मला माहीत आहे. मी लहान होते तेव्हापासून बघते त्यांना. पण दुकान चालवायचंय ना?"

बाहेर आले तर सतवंतजींनी ऐकलेलं दिसत होतं. केबिनचं दार म्हणजे नुसतं प्लायवूड. ते मला एवढंच म्हणाले, "पॅकिंगला नाही बसणार मी, मॅडमजी. शुक्रवारी संध्याकाळी नमस्कार करीन आणि घरी जाईन." आवाज अजिबात चढवला नाही. त्यापेक्षा चार शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

मंगळवार होता. हातात तीन दिवस.

मोहालीला ऑफिसात पोचेपर्यंत माझ्या अंगाची लाही लाही झाली होती. आधी सायलीला गाठलं. सायली आमची डिझायनर. पुण्याची, सव्वीस वर्षांची, हुशार, आणि स्वतःच्या कामाबद्दल बोललेलं सहन न होणारी. म्हणजे मी त्या वयात होते तशीच.

"हे भिंग कशाला ठेवलंस?"

"मॅम, क्लीन दिसतं. मोकळी जागा हवी स्क्रीनवर."

"मोकळी जागा काय चाटायचीय? आणि ही बटणं आहेत की नुसते शब्द? दाबायचं काय आणि वाचायचं काय, कळायला नको? आमच्या वेळी बटण बटणासारखं दिसायचं. उचललेलं असायचं. दाबलं की आत जायचं!"

"मॅम, हे तुम्ही लिफ्टबद्दलपण म्हणता."

म्हणते. का नको म्हणू? आमच्या नव्या लिफ्टला गुळगुळीत काच आहे, बोट लावलं की लागलं की नाही तेच कळत नाही. गीझरला ॲप आहे. पाणी तापवायला पासवर्ड! माझ्या जुन्या टेपरेकॉर्डरचं बटण खट्कन खाली जायचं आणि खालीच राहायचं, अंधारात बोट फिरवलं तरी कळायचं की गाणं चालू आहे. त्या खट् आवाजात किती सुख होतं, ते तो गेल्यावर कळलं. जुना कॉम्प्युटर चालू करताना डबा गुरगुरायचा, तेवढ्यात आपण चहा घेऊन यायचं. मशीन विचार करतंय हे कानाला कळायचं. आता सगळं मुकं, सपाट आणि पांढरं. काही दाबलं की एक गोल फिरत राहतो, आणि आपण त्याच्याकडे बघत राहतो.

"मी युजर रिसर्च केला होता," सायली म्हणाली. युजर रिसर्च म्हणजे वापरणाऱ्या माणसाजवळ बसून तो काम कसं करतो ते बघणं. "जानेवारीत दोन दिवस दुकानात गेले होते. सतवंत अंकलना प्रत्येक स्क्रीन दाखवली. सगळ्याला ते 'बहुत बढ़िया जी' म्हणाले. एकही तक्रार नव्हती त्यांची. रिपोर्ट आहे माझ्याकडे. तुम्हीच सही केलीये."

केली होती खरी. खाली माझीच सही, ठळक.

"जानेवारीत गिऱ्हाईक किती होतं?"

"नव्हतंच. धुकं होतं. आम्ही हीटरजवळ बसून केलं सगळं. त्यांनी मला तिळगुळाची गजक खायला दिली."

कप्पाळ माझं! घरी पाहुणी आलेल्या पोरीला पंजाबी माणूस 'बहुत बढ़िया' म्हणणार नाही तर काय म्हणणार? मीही इतकी वर्षं इथं राहते, मला कळू नये? एकीनं हीटरजवळ बसून बघितलं, दुसरीनं तेही न बघता सही ठोकली. उंटावरून शेळ्या हाकल्या आम्ही दोघींनी.

"उद्या सकाळी माझ्याबरोबर चल," मी म्हटलं. "लॅपटॉप आणू नकोस."

बुधवारी आम्ही दोघी काउंटरच्या आत, सतवंतजींच्या मागं स्टुलावर बसलो. तोंडातून शब्द काढायचा नाही असं ठरवलं होतं. मला ते जड गेलं. मी सगळा वेळ स्क्रीनकडे बघत होते, घोडं कुठं पेंड खातंय ते तिथं शोधत होते. सायली बहुतेक कंटाळली असावी, ती भलतीकडंच बघत होती. दहा मिनिटांनी तिनं माझं कोपर ओढलं.

"मॅम, त्यांचा डावा हात बघा."

मी बघितलं.

शेतकऱ्याला पार्टचं नाव किंवा नंबर माहीत नसतो. तो मोडका पार्टच घेऊन येतो. सतवंतजी तो डाव्या हातात घेतात. दातेरी चाक असेल तर अंगठ्यानं फिरवत दात मोजतात. पट्टा असेल तर बोटांत दुमडून जाडी बघतात. बेअरिंग असेल तर कानाशी नेऊन फिरवतात. पूर्वी हे चाललेलं असताना डोळे पार्टवर आणि उजवा हात कीबोर्डच्या आकड्यांवर असायचा. दात मोजून होईपर्यंत इकडे नंबर मारून झालेला असायचा, कारण दुकानातले नंबर त्यांना पाठ आहेत.

आता काय होत होतं? पार्ट हातात घेतला, मोजला. मग तो खाली ठेवला. ग्रीस फडक्याला पुसलं. माऊस धरला. भिंग शोधलं. यादीत अर्ध्यावर गेले की शंका आली, दात सव्वीस की सत्तावीस? माऊस सोडला, पार्ट पुन्हा उचलला, हात पुन्हा ग्रीसचा. नंबर चुकला तर कोपऱ्यात एक लहानशी लाल पट्टी यायची आणि दोन सेकंदांत गुल व्हायची. त्यांचे डोळे पार्टवर! ती दिसणार कशी?

मी स्टुलावरून उठले. कारण हे सगळं मला माहीत होतं.

त्या पहिल्या वर्षी मी याच काउंटरमागं पंधरा दिवस बसले होते. जून महिना, वाळ्याचा कूलर, स्टीलच्या ग्लासातली लस्सी. मालक, म्हणजे जसलीनचे वडील, मला पहिल्याच दिवशी म्हणाले होते, "बेटा, ह्या माणसाचा एक हात माझ्या पार्टचा. दुसरा तुझा. डोळेही माझेच. उरलं त्यात काय करायचं ते कर." म्हणून मी सगळा प्रोग्रॅम उजव्या बाजूच्या आकड्यांवर बसवला होता. आकडे, अधिक, उणे, एंटर, दुसरं काही नाही. आणि डोळे नाहीत म्हणून आवाज घातला होता. नंबर बरोबर असला की टुक, चुकला की टर्र. त्या काळ्या-करड्या पडद्याचं देखणेपण तेवढंच होतं, आणि तेच मी विसरले. रंग लक्षात राहिला, बटणाचा उंचवटा लक्षात राहिला, टेपरेकॉर्डरसुद्धा लक्षात राहिला. हात विसरले. वर त्या माणसाला सांगितलं की तुम्ही मनावर घेत नाही.

"सतवंतजी," मी गिऱ्हाइकांसमोरच म्हटलं, "काल मी चुकीचं बोलले. माफ करा. तुमची काही चूक नाही."

त्यांनी मागं न बघता मान हलवली. "कोई नी जी, होतं असं," म्हणाले आणि पुढचा पार्ट घेतला.

जसलीनच्या केबिनमध्ये गेले. सांगितलं, शुक्रवारी दुपारपर्यंत मला वेळ दे.

"काय करणार?"

"आतलं सगळं नवीनच राहील. काउंटरपुरता फक्त चेहरा बदलते. करडी चौकट, आकडे, आवाज."

"मॅडम, तुम्ही मला पुन्हा जुनंच विकताय? दुकानात बाहेरची माणसं येतात. ते ध्यान बघून हसतील."

"तुझ्या केबिनमध्ये तुला हवं तेवढं सुंदर ठेव. काउंटरवर गिऱ्हाइकाला स्क्रीन दिसतच नाही. त्याला पार्ट दिसतो."

ती म्हणाली, "शुक्रवारी तीन वाजता मी स्वतः घड्याळ लावून उभी राहीन. शनिवारची मुलगी मी अजून नको म्हटलेली नाही."

गुरुवारी दिवसभर आणि शुक्रवारी सकाळी सायलीनं आणि मी मिळून ते केलं. खरं सांगायचं तर सायलीनंच केलं. आवाजही तिनंच शोधला. सात वेळा मला ऐकवला, मी सात वेळा "असा नव्हता गं" म्हटलं, आठव्यांदा तो सापडला. तिनं चौकटीला कडा दिली, उचललेली. "बटण बटणासारखं," म्हणाली आणि जीभ दाखवून हसली.

शुक्रवारी अडीचला आम्ही दुकानात. बाहेर रांग. नवीन स्क्रीन चालू केली, सतवंतजींना म्हटलं, बसा. ते बसले. डावा हात पुढं झाला, त्यात कुणीतरी चेनचं चाक ठेवलं. उजवा हात कीबोर्डच्या उजव्या टोकाला गेला, आणि हवेत राहिला.

तिथं आकडेच नव्हते.

नव्या मशीनबरोबर आलेला कीबोर्ड बारीक, चपटा, नाजूक. उजवीकडची आकड्यांची चौकट उडवलेली. जागा वाचवायला! काउंटर दहा फुटी आहे हो, जागा कुणाला वाचवायची होती? इतके दिवस मी त्या कीबोर्डकडे बघत होते आणि मला ते दिसलं नव्हतं. मोहालीत माझ्या टेबलावर मोठा कीबोर्ड आहे, तिथं सगळं झकास चाललं होतं. मला रडावं की डोकं आपटावं कळेना. जसलीन केबिनच्या दारात, हातात मोबाइलचं घड्याळ.

सतवंतजी खाली वाकले. काउंटरखालच्या कप्प्यातून निळ्या परण्यात, म्हणजे त्यांच्या खांद्यावरच्या जुन्या पंच्यात, बांधलेलं एक गाठोडं काढलं. सोडलं. आत त्यांचा जुना कीबोर्ड. पिवळा पडलेला, विटेसारखा जड. चार, पाच आणि सहाच्या बटणांवरचे आकडे पार झिजून गेलेले.

"भंगारात टाकत होते," ते खाली बघत म्हणाले. "मला टाकवला नाही."

त्याची पिन गोल, जुनी. नव्या मशीनला तसं भोकच नाही. मी नवऱ्याला फोन लावला.

"माळ्यावरचा वायरींचा डबा काढ. त्यात एक आखूड वायर आहे, एका टोकाला दोन गोल भोकं, दुसऱ्या टोकाला चपटी पिन."

"दरवर्षी दिवाळीला मी जो टाकून दे म्हणतो, तोच डबा ना?"

"तोच. भाषण नंतर. स्कूटर काढ."

झिरकपूरच्या ट्रॅफिकमधून तो पाऊण तासात पोचला. वायर माझ्या हातात देऊन म्हणाला, "भंगार घ्या." तोवर पावणेचार झाले होते. जसलीननं घड्याळ पुन्हा शून्यावर आणून ठेवलं.

कीबोर्ड लागला. सतवंतजींनी चाक पुन्हा डाव्या हातात घेतलं. अंगठा फिरला. उजवा हात खाली न बघता पडला.

टुक.

चिठ्ठी बाहेर. पुढचा. पट्टा दुमडला, टुक, चिठ्ठी. पुढचा. एकदा टर्र झालं, ते "ओहो" म्हणाले, आकडा बदलला, टुक. मागून कुणी ओरडलं नाही. ओरडायला उसंतच मिळत नव्हती. सायलीनं माझा हात इतका घट्ट धरला होता की बांगडी रुतली.

जसलीन दारातून पुढं आली. मोबाइल खाली गेला होता. "हा आवाज," ती म्हणाली, "मी शाळेतून आले की स्टुलावर चढून मुद्दाम चुकीचे नंबर मारायचे. टर्र ऐकायला."

"आणि मी ओरडायचो," सतवंतजी म्हणाले. नजर पट्ट्यावरच.

साडेचारला रांग संपली. जसलीननं आमच्यासमोरच फोन करून शनिवारच्या मुलीला कळवलं की काउंटरवर नको, आत ऑफिसात ये. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "आंटीजी, तेवढा लोगो तरी नवीन ठेवा." ठेवला. कोपऱ्यात, लहान.

निघताना सायलीनं त्यांना विचारलं, "अंकल, कैसा लगा?"

मी तिला डोळ्यांनी दटावलं. सतवंतजी म्हणाले, "ठीक है."

ती हिरमुसली. गाडीत मी तिला समजावलं की 'बहुत बढ़िया' म्हणाले नाहीत हेच चांगलं, पण तिला पटलं नाही.

पटलं ते सोमवारी. सकाळी साडेनऊला सतवंतजींचा फोन आला, सव्वीस वर्षांत पहिल्यांदा त्यांनी स्वतःहून केलेला. मी स्पीकरवर टाकला. शून्याचं बटण अडकतंय, म्हणाले. चिठ्ठीवर रॅकचा नंबर फार बारीक येतो. टर्र जरा मोठं हवं, पंख्यात ऐकू येत नाही. आणि तो लोगो उगाच लुकलुकतो, तो बंद करा. बोलत होते ते चांगली दहा मिनिटं, चढ्या आवाजात. सायली भराभर लिहून घेत होती.

ज्या वस्तूशी माणसाला उद्यापासून दिवस काढायचे असतात, तिच्याबद्दलच तो भांडतो. जानेवारीत त्यांची एकही तक्रार नव्हती.